घरगुती रिमोट बोट: आठ महिन्यांनंतर, आणि सगळा राग एका नळीवर

मे महिन्यात भाच्याच्या सुट्टीत ही बोट केली तेव्हा "शंभर रुपयांत रिमोटची बोट" असं मीच नात्यागोत्यात सांगत सुटलो होतो. आता संक्रांत आलीय. शब्द मागे घेतो. बोट चांगली आहे, पण शंभरात झालेली नाही. आणि पहिले पाच महिने ती बोट कमी, पाणी साठवायचं भांडं जास्त होती.

सामान सगळ्यांना माहीत असतं तेच. फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल, वरून खाकी टेप. मोटर, सर्किट आणि रिमोट भाच्याच्या मोडक्या खेळण्यातल्या गाडीतलं, 27 मेगाहर्ट्झवालं. सुकाणू बाद झालेल्या एटीएम कार्डाचं. जोडणीत शिरत नाही, दोनच गोष्टी सांगतो. तो झटक्यात चिकटणारा गोंद थर्माकोलला लावू नका. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं थर्माकोल खाल्ला आणि बुडाला रुपयाएवढं भोक पडलं. एमसील वापरा. दुसरं, पंख्याचा दांडा म्हणून सायकलचा आरा घेताय तर जुना, साधा घ्या. स्टेनलेसच्या आऱ्याला साधा डाख (सोल्डर) धरत नाही. पंख्याच्या पात्यांसाठी तुपाच्या डब्याचा पत्रा मात्र डाखायला सोन्यासारखा.

आता नळी.

मोटर बोटीच्या आत, पंखा बाहेर पाण्यात, म्हणजे दांडा बुडातून आरपार जाणार. ज्या नळीतून तो जातो तीच सगळ्या दुखण्याचं मूळ. मी आधी बॉलपेनची रिकामी रिफिल वापरली. फुकटात मिळाली याचा कोण आनंद! घरच्या हौदात बोट झकास पळाली. दहाव्या मिनिटाला भाचा म्हणाला, "मामा, बोट जड झालीय." मी म्हटलं, सेल उतरले असतील. नवीन सेल घातले. बोट आणखी जड झाली. मग झाकण उघडलं तर आत वाटीभर पाणी आणि सर्किट त्यात पोहतंय.

थर्माकोल असल्यामुळे बोट तळाला जात नाही, एवढंच सुख. काठापर्यंत भरते आणि म्हशीसारखी नाक वर काढून बसते.

रिफिलमध्ये ग्रीस भरलं. दोन दिवस बरं चाललं, पण दांड्यानं घासून घासून रिफिलचं भोक लांबट झालं आणि ग्रीस पाण्यावर तवंग होऊन निघून गेलं. मग जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल तोडली. त्यातल्या पितळी नळ्या एकात एक बसणाऱ्या असतात, त्यातली आऱ्यावर अलगद फिरणारी निवडायची. वडील आठवडाभर बोलले नाहीत. ट्रान्झिस्टर बंद होता, पण "बंद असला म्हणून काय झालं?" पितळी नळीनं पाणी निम्म्यावर आलं, थांबलं नाही. जुलैपर्यंत माझं ठाम मत होतं की घरगुती बोटीला पाण्याखालचा पंखा नकोच, वर हवेचा पंखा लावावा आणि मोकळं व्हावं.

ते मत बदललं. इलाज ग्रीसमध्ये नव्हताच, उतारात होता. नळीतलं पाणी बाहेरच्या पातळीएवढंच चढणार. नळीचं आतलं तोंड त्या पातळीच्या वर ठेवलं की पाणी आत येणार कुठून? दहावीपर्यंत विज्ञान शिकलो आणि हे सुचायला पाच महिने लागले. माझी बोट 40 बाय 14 सेंटिमीटर, म्हणजे एक सेंटिमीटर बुडायला 560 ग्रॅम वजन लागतं. सगळं धरून ती भरते 700 ग्रॅम, म्हणजे सव्वा सेंटिमीटर बुडते. मी आतलं तोंड बुडापासून साडेतीन सेंटिमीटर उंचावर घेतलं. नळी तिरकी झाल्यानं थोडा जोर वाया जातो, मोटर वर आल्यानं बोट डुलायला लागली. सेल तळाशी हलवले, डुलणं थांबलं. ऑक्टोबरपासून आत पाणी आलंय ते फक्त वरून उडालेलं.

सर्किटचं वेगळं रडगाणं. जास्त वेग हवा म्हणून जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले दोन सेल एकापुढे एक लावले. गाडीचं सर्किट सहा व्होल्टवर चालणारं, पूर्ण भरलेले हे दोन सेल मिळून 8.4 व्होल्ट देतात. धूर निघाला. तालुक्याच्या दुकानात नेलं, तर तो म्हणे 250 रुपये. मी म्हटलं, नवीन गाडीच साडेतीनशेला येते! "मग नवीनच घ्या की." वाद घातला, पंधरा मिनिटं घातला, आणि शेवटी नवीनच गाडी घेतली. तुम्ही असे सेल वापरूच नका, पाण्याजवळ तर नाहीच. आता चार्ज होणारे चार पेन्सिल सेल आहेत, 4.8 व्होल्टवर बोट संथ चालते, पण चालते. त्याआधी साध्या सेलवरच चारशेच्या वर गेले होते.

मोटर चालू केली की सुकाणू आपोआप थरथरायचं. मोटरच्या दोन टोकांमध्ये 104 लिहिलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर डाखला, थरथर गेली. किंमत एक-दोन रुपये. अख्ख्या प्रकल्पातले वसूल झालेले तेवढेच.

टेस्लानं 1898 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर बोट चालवून दाखवली म्हणून त्याचं कौतुक होतं. व्हावंच. पण त्याचं पाणी छपराखाली होतं, वारा नव्हता. आमच्याकडे सिन्नरचा वारा, आणि सुकाणू फक्त पूर्ण डावं किंवा पूर्ण उजवं, मधलं काही नाही. सरळ जायचं तर नागमोडीच.

दिवाळीत मात्र बोटीनं मान राखला. शेततळ्यात फुटव्हॉल्व्हच्या (पंपाच्या पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप) तरंगत्या ट्यूबचा दोर सुटला आणि ट्यूब मधोमध गेली. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पट्टीचा पोहणाराही बाहेर येताना घसरतो. आत उतरायचा प्रश्नच नव्हता, आणि भाच्यालाही काठाच्या कुंपणाबाहेरच उभं केलं होतं. बोटीला नायलॉनची बारीक दोरी बांधली आणि ट्यूबला वळसा घालून आणायचं ठरवलं. पहिल्यांदा वाऱ्यानं चुकली. दुसऱ्यांदा दोरी पंख्यात गुंतणार होती. तिसऱ्यांदा पलीकडून फिरून आली आणि दोन्ही टोकं हातात! हळूहळू ओढली तशी ट्यूब काठाला. वडील लांबून बघत होते. ट्रान्झिस्टरबद्दल त्यानंतर काही बोलले नाहीत.

एकूण खर्च साधारण नऊशे. त्यात आईचा हवाबंद डबा धरलेला नाही, ज्यात सर्किट बसलं होतं. परवा तिला तिळाचे लाडू भरायला तो आठवला. "माझा डबा कुठाय?" सर्किट सध्या आइस्क्रीमच्या डब्यात आहे, त्याचं झाकण नीट बसत नाही, आणि बोट माळ्यावर.