बोक्याची शुगर, घरचं मशीन आणि दिवसाला दोन इंजेक्शनं: सात महिन्यांनंतर

सुरुवात मुंग्यांपासून झाली. आमच्या गोव्यातल्या घराच्या बाल्कांवाच्या (पुढच्या ओसरीच्या) कोपऱ्यात आमच्या बोक्याचा, पात्रांवचा, वाळूचा ट्रे असतो, तिथे फेब्रुवारीत रोज सकाळी मुंग्यांची रांग लागायला लागली, मी आपली हळद टाकतेय, पुसतेय, परत मुंग्या. सासूबाईंनी एकदा वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगो, हाका शुगर जाल्या." त्यांना स्वतःला वीस वर्षं शुगर आहे. मी हसले. पंधरा दिवसांनी व्हेटनी, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांनी, तेच सांगितलं, फक्त फी घेऊन.

पात्रांव म्हणजे आमचा बोका, नऊ वर्षांचा, नसबंदी झालेला, एकेकाळी पावणेसात किलो. वयस्कर, जाडा, नसबंदी झालेला बोका म्हणजे शुगरसाठी अगदी नमुना पेशंट, हे नंतर कळलं. पाणी तर इतकं प्यायचा की बाथरूममधल्या बादलीवर चढून बसायचा, खाणं दुप्पट आणि तरी पाठीची हाडं हाताला लागायला लागली. सगळ्यात वाईट म्हणजे मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायचा, सशासारखा. आम्हाला वाटलं पडला असेल कुठून तरी. ते शुगरमुळे नसांवर परिणाम होऊन होतं, शुगर ताब्यात आली की बहुतेकदा सुधारतं. आमच्याकडे सुधारायला चार महिने लागले.

नवऱ्याचं पहिलं वाक्य, "माजराक इंजेक्शन? पिशें लागलां तुका!" (वेड लागलंय तुला!) आता संध्याकाळचं इंजेक्शन तोच देतो.

तर आम्ही काय वापरतोय ते सांगते. इन्सुलिन ग्लार्जिन, माणसांचंच, १०० युनिट प्रति मिलीवालं, ३ मिलीच्या काडतुसात येतं. १२ तासांनी एकदा, म्हणजे सकाळी सात आणि संध्याकाळी सात. सुरुवात एक एक युनिटने झाली, मधे दोनपर्यंत गेलो, सध्या एक. (हा आमच्या बोक्याचा डोस आहे, तुमच्या मांजराचा तुमचा व्हेट ठरवेल, प्लीज इथून कॉपी करू नका.) पेन वापरत नाही कारण पेन एकेका युनिटने फिरतं आणि आम्हाला मधे दीड लागायचं, म्हणून काडतुसातून सिरिंजने काढतो, आत हवा न भरता. एक काडतूस म्हणजे ३०० युनिट, आमचं महिन्याला जेमतेम साठ-नव्वद युनिट जातं आणि उघडल्यावर २८ दिवस असं लिहिलेलं असतं, म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त फेकायचं. जीवावर येतं. पण इलाज नाही.

आता सिरिंजचं ऐका, कारण या सगळ्यात खरी भीती मला कशाची वाटत असेल तर याची. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदीत मिळतं, ४० आणि १००, आणि सिरिंजही दोन प्रकारच्या, लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. सासूबाईंचं ४० वालं, त्यामुळे घरात लाल टोपणं आधीपासून. आणि एप्रिलमध्ये फार्मसीवाल्याने मला घाईत लालच दिल्या, मी पण बघितलं नाही, सिरिंज ती सिरिंज. इन्सुलिन खेचताना नेहमीपेक्षा जास्त दिसलं म्हणून थांबले, एवढंच नशीब. लाल सिरिंजमध्ये १०० वालं इन्सुलिन एक रेघ भरलं तर ते एक युनिट नसतं, अडीच असतं. पाच किलोच्या जनावराला अडीचपट. तेव्हापासून सासूबाईंचं सामान फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, पात्रांवचं भाज्यांच्या वर निळ्या डब्यात, आणि डब्यावर मार्करने NARINGI नाही तर ठळक मराठीत "नारिंगी" लिहिलंय.

अर्ध्या युनिटच्या खुणा असलेल्या ३० युनिटच्या सिरिंज शोधा, मिळायला त्रास आहे, आम्ही मागवून घेतो. १०० च्या इन्सुलिनचं एक युनिट म्हणजे ०.०१ मिली, पाण्याच्या थेंबाचा पाचवा हिस्सा धरा, साध्या सिरिंजवर ते नुसतं अंदाजपंचे होतं.

इंजेक्शन टोचणं हा भाग सगळ्यात सोपा निघाला. जेवताना मानेच्या खाली बाजूला कातडी चिमटीत धरायची, तंबू होतो, त्यात सुई. त्याला कळतसुद्धा नाही. एक गोष्ट मात्र होते, सुई कातडीच्या आरपार जाऊन केसांत रिकामी होते. हाताला ओलं लागतं आणि बँडेजपट्टीसारखा वास येतो. अशा वेळी परत द्यायचं नाही! थोडं आत गेलं असेल तर दुप्पट होईल. एक डोस बुडाला तर शुगर वाढेल, पुढच्या वेळी बघू, पण दुप्पट झाला तर रात्र दवाखान्यात. आमचं सात महिन्यांत चारदा झालं.

घरी शुगर मोजायला कानातून रक्त काढणं मात्र शिकावं लागलं. कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते, टॉर्च मागून धरला की लाल रेघ दिसते. पहिल्या आठवड्यात मी शुगर मोजायच्या मशीनच्या बारा पट्ट्या वाया घालवल्या, मी रडतेय, तो पलंगाखाली. मग जमलेली पद्धत अशी: पायमोज्यात तांदूळ भरून तव्यावर जरा गरम करायचा, आधी आपल्या मनगटाला लावून बघायचा, मग कानाला अर्धा मिनिट. कडेला वॅसलीनचा पुसट हात, म्हणजे रक्त केसांत पसरत नाही, मोहरीएवढा गोल मणी होऊन उभा राहतो. मागून कापसाचा बोळा धरून टोचायचं, नाहीतर सुई थेट आपल्या बोटात. पट्टीचं टोक मण्याला लावलं की ती स्वतः ओढून घेते. नंतर कान दाबून धरायचा आणि उकडलेल्या चिकनचा एक तुकडा. हा तुकडा इतका महत्त्वाचा ठरला की आता पावणेसातला तो स्वतः येऊन मशीनच्या डब्यापाशी बसतो.

मशीन माणसांचंच साधं आहे. प्राण्यांसाठी वेगळं अल्फाट्रॅक नावाचं मशीन असतं, पण पट्ट्या दर महिन्याला कुठून आणायच्या, आणि आपल्याकडे माणसांच्या पट्ट्या नाक्यावरच्या फार्मसीत मिळतात. मिळणारच, २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अभ्यासात मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघालं होतं, २६.४ टक्के. (पात्रांव धरून नव्हे.) पण माणसांचं मशीन मांजराची शुगर खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, कारण मांजराच्या रक्तातली जवळपास सगळी साखर पातळ भागात असते, लाल पेशींत फार थोडी, आणि मशीनचा हिशोब माणसाच्या रक्ताचा. आमच्या व्हेटचं म्हणणं, मशीन एकच ठेवा, बदलू नका, आणि आकड्यापेक्षा चढउतार बघा. ते पटलं. दवाखान्यातल्या आकड्यावर तर मी आता विश्वासच ठेवत नाही, पिंजरा, स्कूटर, शेजारी भुंकणारा कुत्रा, मांजराची शुगर नुसत्या घाबरण्याने चढते. एका दिवशी तिथे ३८० आणि दोन तासांनी घरी, त्याच्या उशीवर, २७०.

आता माझी चूक. जूनमध्ये मासेमारी बंद झाली, १ जून ते ३१ जुलै असते, बांगडे तारले दिसेनात, आणि तोवर पात्रांवचं जेवण म्हणजे शीत-मासे आणि वर सुकं कॅट फूड. मी कुठेतरी वाचलं होतं की शुगरच्या मांजराला पिष्ट कमी, मांस जास्त द्यावं, जे बरोबरच आहे, सुक्या खाण्यात पिष्ट भरपूर असतं. म्हणून मी एका सोमवारी भात बंद, सुकं बंद, सगळं ओल्या पाकिटांवर आणलं. व्हेटना विचारलं नाही. इन्सुलिन तेच, दोन युनिट. शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास तो पाटावरून उतरताना दारूड्यासारखा झुकला आणि माझ्याकडे बघून न ओळखल्यासारखं केलं. मशीनवर ५१, म्हणजे शुगर धोक्याइतकी खाली. हात थरथरत होते माझे. मध बोटाला लावून हिरड्यांवर चोळला, थोडं खाणं पुढे केलं, व्हेटना फोन, दहा मिनिटांनी ७४, मग पिंजऱ्यात घालून दवाखाना. वाचला. व्हेट ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "पिष्ट काढलंत तर इन्सुलिनची गरज उतरते, डोस आधी कमी करायला हवा होता." दुसऱ्या दिवसापासून एक युनिट. मशीन घरी नसतं तर मी झोप आली असेल म्हणून पांघरूण घातलं असतं.

तेव्हापासून क्रम पक्का: आधी टोचून आकडा, मग जेवण, जेवला तरच इंजेक्शन. ताट सोडलं किंवा आकडा नेहमीपेक्षा खाली आला तर आधी फोन. आणि मधाची बाटली निळ्या डब्याशेजारीच.

शेजारच्या काकी अजून म्हणतात की लाडाने गोड खायला घातलंत म्हणून झाली. काकींना कोण सांगणार, मांजराला गोड चवच कळत नाही. चतुर्थीला नेवऱ्यांचं (करंज्यांचं) ताट समोर असून तो ढुंकून बघत नव्हता.

चतुर्थीवरून आठवलं, सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी पाच दिवस मांजरासकट गेलो. इन्सुलिन थर्मासमध्ये, बर्फाच्या पिशवीला टॉवेल गुंडाळून, कारण बर्फाला चिकटून गोठलं की ते इन्सुलिन कामातून गेलं. तिथे पहिल्याच रात्री वीज गेली ती सकाळी आली. पावसात अजून एक त्रास, पट्ट्यांच्या डबीचं झाकण. दोन मिनिटं उघडं राहिलं की दमट हवेने पट्ट्या बिघडतात, जुलैत माझ्या आठ-दहा पट्ट्या एरर दाखवून गेल्या. डबी उघडली, पट्टी काढली, टक्कन बंद.

दंडावर लावायचा १४ दिवसांचा सेन्सर पण एकदा करून पाहिला, लिब्रे, खांद्याचे केस काढून चिकटवला. फोनवर रात्रीचा पूर्ण आलेख दिसतो, ते भारीच आहे, पहाटे तीनला काय चाललंय ते पहिल्यांदा कळलं. पण सहाव्या दिवशी साहेबांनी तो उपटून कपाटाखाली ढकलला आणि त्याची किंमत बघता परत लावायची माझी तरी हिंमत नाही. वर्षातून एकदा, व्हेटनी सांगितलं तर.

खर्च सगळा धरून महिन्याला तीन-साडेतीन हजार पडतो, त्यात पाकिटांचाच निम्मा. वेळेचा हिशोब वेगळा, सात महिन्यांत आम्ही एकाही लग्नाच्या रिसेप्शनला जोडीने वेळेवर पोचलेलो नाही. वजन ४.९ वर उतरलं होतं ते ५.४ झालंय, मुंग्या गेल्या, बादली सुटली, परवा कुंपणावर उडी मारली. काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंही, लवकर सुरू केलं असेल आणि जेवण नीट असेल तर, पण आमचे व्हेट त्यावर बोलत नाहीत आणि मी पण विचारत नाही.

उद्या परत कर्व्ह आहे, म्हणजे सकाळी सात ते संध्याकाळी सात, दर दोन तासांनी कान. ऑफिसात रजेचं कारण लिहिलंय, घरी शुगरचा पेशंट आहे. सरांनी विचारलं, सासूबाई का? मी म्हटलं नाही, पात्रांव.