फ्लाय बांधायचा संच, आठ महिन्यांनंतर: नळीने खाल्लेला दोरा

फ्लाय म्हणजे गळावर पिसं नि दोरा बांधून केलेलं मासे धरायचं खोटं आमिष. ती बांधायच्या संचात काय काय येतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे, यादी देत नाही. ऑक्टोबरात 2,650 रुपयांना ऑनलाइन घेतला. व्हाइस, म्हणजे गळ धरून ठेवणारा चिमटा, ठीक; कात्री बरी. मला बोलायचंय ते बॉबिनच्या नळीबद्दल. बॉबिन दोऱ्याचं रीळ धरते आणि दोरा या नळीतून बाहेर येतो. बोटाच्या दोन पेरांएवढी नळी, पण आठ महिने डोक्यात तीच आहे.

तिसऱ्याच रात्रीची गोष्ट. 10 नंबरच्या गळावर (नंबर जितका मोठा, गळ तितका लहान) वूली बगर नावाची फ्लाय बांधत होतो. शेपटीचं मऊ पीस बसलं, चेनिल (मऊ, लवदार दोरी) गुंडाळून झाली, कोंबड्याच्या मानेचं पीस सहा वेढे घेत डोक्यापाशी आणलं. आता शेवटची गाठ मारली की झालं. तेवढ्यात कट्, दोरा तुटला. ज्यांनी बांधली आहे त्यांना माहीत आहे, सगळा डोलारा दोऱ्याच्या ताणावर उभा असतो. पीस स्प्रिंगसारखं उलगडलं, चेनिल सैल पडली, हातात उघडा गळ राहिला. त्या रात्री असं चार वेळा झालं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, “दोरा हा वापरून संपणारा माल आहे, त्याला वॉरंटी नाही.” अहो, दोऱ्याची तक्रारच नाही, नळीची आहे! मग म्हणाले, अख्खा संच परत पाठवा, कुरिअरचा खर्च तुमचा. 190 रुपये. एका नळीसाठी 190 रुपये घालवणारा मी नव्हे. एक स्टार दिला आणि गप्प बसलो.

आमचा क्लब म्हणजे भुसावळ-जळगावची आठ टाळकी. हिवाळ्यात रविवारी हतनूरच्या बॅकवॉटरला जातो, तिथल्या मच्छीमार संस्थेच्या माणसाला विचारून. त्यात अमळनेरकडचे एक नाना आहेत, धंद्याने शिंपी. त्यांनी बॉबिन हातात घेतली, चिमूटभर कापूस टाचणीवर गुंडाळून नळीच्या तोंडातून फिरवला. कापसाचे तंतू एकाच जागी अडकले. तिथे धार राहिली होती. “मशीनच्या प्लेटला सुईचा ओरखडा पडला की दोरा असाच जातो,” म्हणाले. घरी नेऊन बारीक पॉलिश पेपरची वळकटी करून तोंड आतून घासलं, मग सुती दोऱ्याला ब्रासो लावून पन्नासेक वेळा आरपार ओढला. खर्च शून्य, वर चहा त्यांचाच.

इथे माझं मत बदललं, तीन स्टार केले. पण दोरा कमी का होईना, तुटतच होता. पुन्हा नानांकडे. या वेळी त्यांनी नळीकडे पाहिलंही नाही, मला बांधायला लावलं. दोन मिनिटांत म्हणाले, “भाऊ, दोरा तुटी नही राहयना, तू तोडी राहयना.” बॉबिनचे दोन पाय रिळाला इतके घट्ट चिमटत होते की दोरा ओढताना मीच झटका देत होतो. नानांनी पाय हाताने जरा फाकवले. बॉबिन नुसती लोंबकळली तर रीळ फिरू नये, आणि बोटाने हलकं ओढलं की दोरा सुटावा, एवढाच ताण हवा. म्हणजे निम्मा दोष माझा. पण निम्माच! धार कंपनीचीच होती.

बाकी पटकन. संच ट्राउटच्या हिशेबाने भरलेला, गळ 14 आणि 16 नंबरचे. ट्राउट बघायचा तर हिमाचल नाहीतर काश्मीर गाठा. तापीत चिलापीला (तिलापिया) 10 लागतो, मरळीला 2. त्या 2 नंबरला व्हाइसचा जबडा घसरतो, गळ फिरतो. मरळीच्या फ्लाय मी बाहेरूनच घेतो. पुडीतली पिसं संपल्यावर चिकनवाल्याकडून कोंबड्याच्या मानेची पिसं फुकट मिळाली, फक्त साबणाच्या पाण्यात दोनदा धुवा, नाहीतर घरात वास. शेवटच्या गाठीवर लावायची, सोबत आलेली लाखेची बाटली एप्रिलच्या उन्हात गोळा झाली. आता बायकोचं नेलपॉलिश वापरतो.

उन्हाळ्याचं मात्र खरं सांगतो. मे महिन्यात भुसावळात पंखा बंद करून बसणं म्हणजे काय ते इथल्यालाच कळेल. आणि पंखा चालू ठेवला तर मऊ पीस उडून थेट भरताच्या टोपात. एकदा गेलं. त्यानंतर मी पहाटे पाचला बांधतो, घर झोपलेलं असताना.

हिशेब: 63 फ्लाय बांधल्या. तयार फ्लाय साधारण 100 रुपयांना पडते, माझी 15 ला. 21 बाभळींना वाहिल्या. चिलापी 40 च्या वर, सगळ्या घरी नेल्या. मूळची आफ्रिकेची, 1952 साली देशात आणलेली. तिला पाण्यात परत सोडायचं नाही हा आमच्या क्लबचा नियम. पैसे वसूल, नाही म्हणवत नाही.

आता हतनूरचे दरवाजे उघडतील, पाणी चहासारखं होईल, दसऱ्यापर्यंत गळ बंद. परवा त्याच विक्रेत्याचा मेसेज आला: सिरॅमिक नळीची बॉबिन, 10 टक्के सूट देऊन 765 रुपये. नाही घेतली. कुणाकडे 6/0 जाडीचा ऑलिव्ह रंगाचा दोरा जास्तीचा पडला असेल तर कळवा. माझं तिसरं रीळ संपत आलंय, आणि पहिलं तर अख्खं त्या नळीनेच खाल्लं.