नाणी साफ करून सील करून देतो म्हणणाऱ्यापासून सावध

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ज्यांच्या घरी जुनी नाणी आहेत त्यांनी हे नक्की वाचा, आमच्या काकांना लुबाडणारा माणूस अजून याच पट्ट्यात फिरतोय असं कानावर आलंय.

काकांचा संग्रह मोठा नाही पण जीव लावून जमवलेला. शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं), आदिलशाहीतल्या चांदीच्या लारी (चांदीची तार दुमडून त्यावर ठसा मारलेला, केसाच्या आकड्यासारखी दिसते) आणि थोडी सातवाहनांची शिशाची नाणी. गेल्या उन्हाळ्यात हा माणूस ओळखीतून घरी आला, बोलायला गोड, मराठी कन्नड दोन्ही फाडफाड. म्हणाला, काका तुमच्या नाण्यांना रोग लागलाय, आपल्याकडं पावसाळ्यात हवा किती दमट, भुगा होईल सगळ्याचा, मी नेतो, साफ करून कायमची सील करून देतो. यातलं निम्मं खरं आहे म्हणूनच ते कुणालाही पटतं. तांब्याच्या नाण्यावर कधीकधी फिकट हिरवी पावडर धरते, टाचणीनं टोकरलं की झडते, तो खरंच रोग, क्लोराईडला (खारट क्षाराला) ओल मिळाली की धातू खात जातो. पण काकांच्या शिवरायांवर होता तो घट्ट काळपट हिरवा थर, तो वर्षानुवर्षं बसलेला असतो, नाण्याला सांभाळतो, तो काढायचा नसतोच.

परत आणून दिली तेव्हा शिवराया आणि लारी चकाचक, प्रत्येक नाणं मऊ प्लास्टिकमध्ये चारी बाजूंनी चिकटवलेलं. वर एक नवी प्लायवूडची पेटी फुकट, शिशाची नाणी त्यात सुटी. "सील फोडू नका, हवा लागली की गेलं." पैसे रोख घेतले, पावती नाही.

पावसाळ्यात त्या प्लास्टिकच्या आत हिरवट चिकट पाणी सुटलं. ते पीव्हीसी होतं, त्यातून ॲसिड सुटतं आणि तांबं खराब होतं. मी ब्लेड घेतलं तर काका ओरडले, "अरे काय करूलालास, फोडू नको म्हणून सांगितलंय की त्यानं!" फोडलं, आणि शिवराईच्या कडेवर बोट फिरवलं तर बारीक रेघ लागली, गोल सगळीकडनं, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली. भिंगाखाली बारीक छिद्रं, म्हणजे ही साच्यात ओतलेली नकली नाणी. दोन शिवरायांवर 'राजा' या अक्षरांच्या बाजूला अगदी सारखीच खोच, हातानं ठोकलेल्या दोन नाण्यांना एकाच जागी एकच जखम होणार कशी? काकांच्या जुन्या वहीत एका लारीचं वजन ४.८ ग्रॅम लिहिलेलं, शहापूरच्या सराफाच्या काट्यावर ती ३.९ भरली. म्हणजे सील कशासाठी होतं कळलं ना, कड दिसू नये आणि वजन करता येऊ नये म्हणून.

शिशाची नाणी बदललेली नव्हती, पण त्यांचं बघवत नाही. लाकूड-प्लायवूडमधून आंबट वाफ सुटते, तिनं शिसं पांढरं पडून भुकटी होतं. एकावरचं जहाजाचं चित्र जवळजवळ गेलंय.

पोलिसांत तक्रार दिली, पहिला प्रश्न आधीचे फोटो आहेत का. काकांच्या वहीत वजनं आणि कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेले छाप होते म्हणून निदान बोलायला काहीतरी आहे. तुम्ही आजच प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, ग्रॅममध्ये वजन लिहा. नाणं कडेनंच धरा, चिंच, लिंबू, पीतांबरी काही लावू नका. पॉलिएस्टरची कव्हरं मिळतात ती घ्या, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्यात बदलत राहा. साफ करायचंच असेल तर तुमच्या डोळ्यासमोर, नाणं घराबाहेर जाऊ देऊ नका.

काकांच्या खऱ्या लारीच्या एका टोकाला तिरकी छिन्नीची खूण आहे, दुसरं टोक थोडं चेपलेलं. अशी लारी कुणी विकायला आणली तर फोटो काढून ठेवा आणि लगेच पोलिसांना कळवा.