आमच्या कॉलेजच्या फळ्यावरचं माझं नाव

आमच्या कॉलेजात जिन्यापाशी एक फळा आहे. डावीकडं सुविचार, उजवीकडं ‘प्राध्यापकांचे यश’. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या उजव्या बाजूला रंगीत खडूनं माझं नाव लागलं: शोधनिबंध प्रसिद्ध, अभिनंदन. स्टाफरूममध्ये मी पेढे वाटले. ते पेढे धरले तर माझं नुकसान चार हजारांच्या वर जातं.

मी सोलापुरात अर्थशास्त्र शिकवते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांत शिलाई आणि घडी-पॅकिंग करणाऱ्या बायकांच्या मजुरीवर माझा निबंध होता. दोन उन्हाळे हिंडून प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. अर्ध्या बायका तेलुगू बोलणाऱ्या, त्यामुळं एका विद्यार्थिनीला दुभाषी म्हणून सोबत न्यायचे. कॅसची, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीची, फाइल तोंडावर आली होती. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत आमच्या शाखेला एका निबंधाचे १० गुण, आणि मला एक निबंध कमी पडत होता.

प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला: ‘यूजीसी केअर लिस्टेड, ४८ तासांत प्रकाशन.’ मी अगदीच डोळे झाकून पैसे भरले नाहीत. तेव्हा केअरची, म्हणजे यूजीसीनं मान्य केलेल्या नियतकालिकांची, यादी चालू होती. ती उघडली, नियतकालिकाचं नाव सापडलं, आयएसएसएनचे, म्हणजे नियतकालिकाच्या ओळख क्रमांकाचे, आठही आकडे जुळले. एवढ्यावर समाधान झालं. फक्त वेबसाइट मात्र मेसेजमधल्या लिंकवरूनच उघडली, आणि तिथंच फसले. नाव खरं, नंबर खरा, साइट चोराची. या प्रकाराला क्लोन जर्नल म्हणतात. केअरच्या पोर्टलवर अशा नकली जर्नलची वेगळी यादीसुद्धा होती, पण ती उघडायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

सकाळी निबंध पाठवला, दुपारी ‘स्वीकृत’ असा मेल आला. तज्ज्ञांचा अभिप्राय एका ओळीचा: निबंध उत्तम आहे. मलाही तसंच वाटत होतं, त्यामुळं शंका आली नाही. ३,२०० रुपये यूपीआयनं एका बाईंच्या खाजगी नावावर गेले. ई-सर्टिफिकेटचे २०० वेगळे. तिसऱ्या दिवशी पीडीएफ हातात. पुढं कधीतरी ती नीट वाचली तेव्हा दिसलं, तक्ता क्रमांक ३ मधल्या टक्केवारीची बेरीज १०८ होते. चूक माझीच. पण ज्यानं तो तक्ता ‘तपासला’ त्यानं पान तरी उघडलं असेल का?

हे उघडकीला आणलं आमच्या ग्रंथपाल सरांनी. फाइलला लावायला छापील प्रत हवी म्हणून मी त्यांच्याकडं गेले. ते म्हणाले, “मॅडम, हे त्रैमासिक आपल्याकडं येतंय की ओ.” सुतळीनं बांधलेला गठ्ठा सोडून त्यांनी त्याच तिमाहीचा अंक काढला. पानं ९६. माझा निबंध होता पान ४१२ ते ४१९ वर. अंक भाषा-साहित्याचा, त्यात टॉवेलची मजुरी येईलच कशी? मग आम्ही नकली साइटवरची अनुक्रमणिका पहिल्यांदा नीट पाहिली. माझ्या आधी काँक्रीटची ताकद, माझ्यानंतर कोंबड्यांचं खाद्य. छापील अंकावरच्या क्रमांकावर सरांनी फोन लावला. पलीकडचे संपादक वयस्क असावेत. सगळं ऐकून थकल्या आवाजात म्हणाले, “या महिन्यातला हा अकरावा फोन.”

फाइलमधून निबंध मी स्वतःहून काढून घेतला. प्राचार्य समजूतदारपणे बोलले. स्टाफरूम तेवढी समजूतदार नव्हती. ‘पैसे देऊन छापलं’ हे वाक्य माझ्या पाठीमागं बरेच दिवस फिरलं. ते खोटं होतं असंही म्हणता येत नाही.

पैशाचं दुःख महिनाभरात ओसरलं. खरा फटका पुढं बसला. तक्ता दुरुस्त करून तोच निबंध मी एका चांगल्या नियतकालिकाकडं पाठवला, तर साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं तो ९१ टक्के नक्कल ठरवला. कुणाची नक्कल? माझीच, त्या चोरांच्या साइटवरची. काढून टाका म्हणून त्यांना मेल केला, तर उत्तर आलं: निबंध मागे घेण्याचे शुल्क ६,००० रुपये. ते मी दिले नाहीत. दोन उन्हाळ्यांचं काम आजही तिथं अडकून पडलंय.

सायबर पोलिसांत गेले तोवर पाच आठवडे उलटले होते. तिथल्या हवालदारांनी विचारलं, “त्याच दिवशी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन का नाही केला?” त्याच दिवशी मी पेढे वाटत होते.

आता हे वाचणाऱ्यांसाठी. यूजीसीनं केअरची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. नियतकालिक पारखायची जबाबदारी आता आपल्यावर आणि आपल्या संस्थेवर आहे. तरीही ‘केअर लिस्टेड’ म्हणत पैसे मागणारे मेसेज थांबलेले नाहीत; जी यादीच उरली नाही तिचा हवाला देणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. आयएसएसएन म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे, ती नुसती ओळख असते आणि चोरही ती उचलून वापरतो. आयएसएसएनच्या पोर्टलवर नाव, प्रकाशक, देश पडताळून घ्या आणि लिंक सोडून छापील अंकावरच्या क्रमांकावर बोला. नियतकालिकाचा दर्जा दाखवायला ‘ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर’ वगैरे सात-आठचे आकडे कुणीही छापतं. ‘आदर्श प्राध्यापक’ पुरस्कारासाठी नोंदणी शुल्क मागणारेही याच जातकुळीतले. आणि आपल्या ग्रंथपालांना विचारा, पैसे भरायच्या आधी.

परवा पंढरपूरच्या एका मैत्रिणीचा फोन आला. निबंध स्वीकारल्याचा मेल तिनं वाचून दाखवला: निबंध उत्तम आहे. मी विचारलं, पैसे पाठवलेस का?

“आत्ता, तासाभरापूर्वी. का गं?”

“फोन ठेव,” म्हटलं, “आणि आधी १९३० लाव.”