हँडी घ्यावी की एचएफ सेट?

हौशी रेडिओचा परवाना हातात पडला की नाशिकच्या नव्या हॅमपुढे, म्हणजे हौशी रेडिओवाल्यापुढे, पहिला प्रश्न खर्चाचाच. हँडी, म्हणजे हातात धरायचा वायरलेस सेट, स्वस्त: 5 वॅटचा सेट, बॅटरी, अँटेना सगळं एकत्र, खिशात मावणारं. पण 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. पंचवटीतल्या तळमजल्यावरून सिडकोतला मित्रही खरखरत येईल. तोच सेट घेऊन रामशेज किल्ल्यावर चढा, मग बघा. टप्प्यात रिपीटर, म्हणजे आलेला संदेश पुन्हा पुढे पाठवणारं केंद्र, असला तर उत्तमच.

एचएफचा, म्हणजे कमी मेगाहर्ट्झच्या, लांब पल्ल्याच्या लहरींच्या सेटचा, संसार मोठा. 100 वॅटचा ट्रान्सीव्हर (बोलायचा-ऐकायचा सेट), त्याला 13.8 व्होल्टवर वीसेक अँपिअर देणारा पॉवर सप्लाय, सेट ते अँटेना जोडणारी कोअॅक्स केबल, अँटेना नीट जुळली का ते दाखवणारा एसडब्ल्यूआर मीटर. खरी मेख अँटेनाची. 7.1 मेगाहर्ट्झचा अर्धलहर डायपोल, म्हणजे अर्ध्या लहरीएवढा तारेचा अँटेना, सुमारे 20 मीटर लांब! बंगल्याच्या गच्चीवर तो कसाबसा बसतो. सोसायटीत आधी सेक्रेटरींना चहा पाजावा लागतो. मधोमध उंच खांब देऊन तारेची टोकं खाली ओढली, म्हणजे इन्व्हर्टेड व्ही केला, की थोडी जागा वाचते. या खटाटोपाच्या बदल्यात आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतणाऱ्या लहरी दिवसा नागपूर जवळ आणतात, रात्री त्याच्याही पुढे नेतात. पावसाळ्याआधी अर्थिंग तपासायचं आणि ढग गडगडायच्या आत केबल काढून ठेवायची, एवढी शिस्त मात्र हवी.

गच्ची स्वतःची असेल तर मी एचएफच म्हणेन, सेट जुना असला तरी चालेल. फ्लॅटवाल्यांनी आधी हँडीच घ्यावी आणि वाचलेले पैसे बाहेर लावायच्या चांगल्या अँटेनावर घालावेत.