गर्दीच्या किनाऱ्यावर विंडसर्फिंग: सकाळचा मतलई वारा की दुपारचा खारा वारा?

देवासच्या नेहा ठाकूर हिने २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवले, तेव्हापासून इंदुरातील माझ्या परिचितांमध्ये शिडाच्या खेळांविषयी आस्थेने चौकशी होऊ लागली आहे. हिवाळ्यात गोव्याला निघालेली मंडळी बहुधा एकच प्रश्न विचारतात: गजबजलेल्या किनाऱ्यावर शिडाची फळी घेऊन सकाळी उतरावे की दुपारी? मी दोन्ही वेळा उतरलो आहे आणि दोन्हींच्या बाजूने बोलण्यासारखे आहे.

सकाळचे गुण उघड आहेत. किनारा मोकळा असतो, ऊन सौम्य असते, जेट स्कीची घरघर सुरू झालेली नसते आणि पाणी इतके सपाट असते की फळीवर नुसते उभे राहायला शिकणाऱ्याला त्याहून चांगली जागा मिळणार नाही. मुलांना पहिली ओळख करून द्यायची असेल, तर मीही सकाळच सुचवीन.

मात्र मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि माझा कौल ठरला तो याच गोष्टीमुळे. नवशिक्याचा बराचसा वेळ पाण्यात पडण्यात आणि बुडालेले शीड वर काढण्यात जातो. ओली दोरी हाताला काचत असते, शिडावर साचलेले पाणी सावकाश ओघळत असते, आणि शीड एकदाचे उभे राहून आपण मागे पाहावे तो किनारा आणखी लांब गेलेला असतो. परतायचे तर वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. साधारण ४५ अंशांच्या तिरक्या रेषेत, दिशा बदलत, नागमोडी यावे लागते, आणि नेमके हेच कौशल्य या खेळात उशिरा साधते. शिवाय माडांच्या व इमारतींच्या आडोशामुळे काठाशी वारा मंद भासतो, पण थोडे आत गेल्यावर तो वाढतो. उन्हे चढली की हाच वारा पडतो, शीड लोंबकळते आणि फळीवर पालथे पडून हातांनी पाणी मारत यावे लागते. मला ही दमछाक इतकी जाचक वाटली की सकाळच्या शांततेचा आनंद तिच्यापुढे टिकला नाही.

दुपारी जमीन तापली की खारा वारा सुरू होतो. गोव्याच्या पश्चिमाभिमुख किनाऱ्यावर तो बहुधा वायव्येकडून, म्हणजे किनाऱ्याला तिरका येतो. त्यामुळे बाहेर जाणे आणि परतणे दोन्ही एकाच सरळ फेरीत जमते, आणि पडलात तरी वारा तुम्हाला काठाकडेच ढकलतो. पाणी अर्थात खळबळलेले असते. पॅरासेलिंगच्या बोटींमागून येणाऱ्या लाटा तोल घालवतात, हेही मान्य करायला हवे.

खरी काळजी गर्दीची. डोलकाठी कोणाच्या डोक्यावर आदळली, तर इजा गंभीर होऊ शकते. म्हणून लाल-पिवळ्या बावट्यांमधील पोहण्याच्या पट्ट्यात फळी कधीही नेऊ नये. यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा, की सामान उचलून गर्दीच्या दक्षिणेकडे चालत जावे आणि तिथून उतरावे. वायव्येचा वारा फळीला दक्षिणेकडेच सरकवतो, त्यामुळे चुकत-पडत आपण पोहणाऱ्यांपासून दूर जातो. उत्तरेकडून उतरलेला माणूस मात्र थेट त्यांच्यात वाहत येतो. चालण्याचे कष्ट होतात, पण ते जमिनीवर होतात.

ज्यांना वाऱ्याविरुद्ध परतणे साधले आहे किंवा ज्यांच्या प्रशिक्षकाची बोट सतत सोबत असते, त्यांना सकाळ कदाचित अधिक रुचेल; त्यांच्याशी माझा वाद नाही. इतरांनी माझ्या मते तीनच्या सुमाराची वेळ ठरवावी, उतरण्यापूर्वी किनाऱ्यावरील एखाद्या बावट्याकडे पाहून वाऱ्याची दिशा स्वतः ताडून घ्यावी, आणि बावटा समुद्राकडे फडफडत असेल तर त्या दिवशी पैसे भरण्याआधी सोबतीला बोट आहे का, एवढे अवश्य विचारावे.