फाउंड्रीत बुकस्टॅक : नऊ महिन्यांनंतर

आमच्या ओतकामाच्या कारखान्यात शेअर्ड ड्राइव्हवर एकाच तक्त्याच्या तीन फायली होत्या: ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘हीच वापरा’. रात्रपाळीने भलतीच उघडली, अख्खी हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेला सगळा धातू, भंगारात गेली, आणि मग मॅनेजमेंटला विकीची, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या-वाचायच्या पानांची, आठवण झाली. बेळगावच्या उद्यमबाग आणि होनगा या दोन औद्योगिक वसाहती मिळून आमची माणसं हजारावर. कुणी चंदगडहून येतो, कुणी गोकाकहून. काही मराठीत वाचतात, काही कन्नडमध्ये.

हेड ऑफिसला कन्फ्लुअन्स हे विकतचं विकी सॉफ्टवेअर हवं होतं. पण त्याला माणशी पैसे, आणि ग्राहकांची ड्रॉइंग बाहेरच्या क्लाउडवर ठेवायची आमची तयारी नव्हती. स्वतःच्या सर्व्हरवर चालवावं म्हटलं, तर त्यांच्या ‘सर्व्हर’ आवृत्तीचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ लाच संपलाय. मीडियाविकी, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो ते, फुकट. पण ते सगळ्यांनी सगळं वाचावं म्हणून बनवलेलं. ‘हे पान फक्त क्वालिटीवाल्यांनी बघायचं’ हे त्याला पटवणं अवघड. बुकस्टॅक हे विकी सॉफ्टवेअरही फुकट, आणि त्यात असे परवाने सरळ देता येतात, म्हणून तेच घेतलं. त्याची मांडणी शेल्फ, बुक, चॅप्टर, पेज अशी. कपाट म्हटलं की कळतं, शिकवावं लागत नाही.

पहिला महिनाभर एकच रड: ‘साहेब, सापडत नाही हो.’ मोल्डिंगचे मामा ‘साचा’ टाइप करायचे आणि पानावर असायचं ‘साच्यात’, ‘साच्याला’. शोध शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतो. त्यामुळे ‘भट्टी’ला ‘भट्टीत’ सापडतं, पण ‘साचा’चा काना आडवा येतो. आता सगळे नुसतं ‘साच’ टाकतात. शाळेतलं सामान्यरूप असं शॉपफ्लोरवर गाठेल असं वाटलं नव्हतं.

एकाच पानाच्या दोन भाषा जोडायची सोय यात नाही. मराठीचं पान वेगळं, कन्नडचं वेगळं, आणि एकात आकडा बदलला की दुसरं शिळं. यावर तोडगा सापडला: तापमानाचा तक्ता तिसऱ्याच पानावर ठेवला आणि दोन्हीकडे त्या पानाचा नंबर महिरपी कंसात टाकून आत ओढून घेतला. आकडा एकदाच बदलायचा. निव्वळ याच्यासाठी मी हे पुन्हा निवडेन.

लिहायला मात्र कुणी बसत नाही. मामांच्या वहीचे नुसते फोटो चढवलेत. फोटोतलं अक्षर शोधात येत नाही. मामा मार्चमध्ये रिटायर होतायत, त्याआधी एक अप्रेंटिस पोरगा त्यांच्याजवळ बसवून सगळं टाइप करून घ्यायचंय.